टोपलीखालचं पीठ

हे वाचून कुणी हसलं तर मला राग नाही. सहा महिन्यांपूर्वी मीही हसलो असतो. तोंडवलीत आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुणे हमखास विचारायचे, ‘काका, कोकणात भुतं असतात ना?’ मी म्हणायचो, ‘असती तर त्यांनाही रूम दिली असती... ऑफ सीझनला तरी!’ मग आतून माझी बायको मंगल ओरडायची, ‘गप ऱ्हवा हो, जेवाण वाढलंय!’

मंगल यंदा गेली. साधा ताप म्हणून कुडाळला अॅडमिट केली आणि घरी आणली ती... असो. लिहवत नाही.

आमच्याकडे दिवसकार्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे गेलेल्या माणसासाठी दिवा ठेवलेला असतो तिथे तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ठसा बघायचा. पक्ष्याचा पाय, गाईचा खूर... त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते ठरवतात. मला हे कधीच पटलं नाही, पण घरातल्या थोरल्या, माझ्या काकीपुढे कोण बोलणार? मंगलचा दिवा स्वयंपाकघराच्या दाराशी होता, तिथे मीच पीठ पसरलं.

सकाळी काकीने टोपली उचलली. पिठात माणसाचं पाऊल होतं — तेही अर्धंच. बोटं आणि चवडा. मंगलची टाच कायम दुखायची, घरात ती चवड्यावरच चालायची.

‘अरे, ती खंय गेलीच नाय,’ काकी म्हणाली. ‘घरातच आसा. ह्या पीठ आत्ताच समुद्रात सोड. आणि परत घालू नको हां रे, अडकतली ती!’

पीठ सोडून आलो. कार्याला आलेले पाहुणे पांगले, आमची मुलगी पुण्याला परत गेली. घर खायला उठलं. एका संध्याकाळी मी पुन्हा पिठाचा डबा उघडला. वेड म्हणा... मला ती हवी होती, बस.

सकाळी पाऊल होतं.

मग रोजच घालू लागलो. उंदीर म्हणाल, तर टोपलीवर वरवंटा ठेवायचो. झोपेत मीच म्हणाल, तर माझा तळवा तिच्या दीडपट आहे. खरं सांगू? मला कारण नकोच होतं. सकाळ झाली की मी खूश असायचो.

पण हळूहळू ठसा बदलला. टाच उमटायला लागली — खोल, घासटलेली. चवड्यावर उभं राहून फार दमली की मंगल अशी टाच टेकायची, ओठ दाबून. ते बघितलं आणि कळलं. तिला रोज रात्रभर मी उभी ठेवत होतो.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी काय केलं? बांगडे साफ करताना ती ज्यावर बसायची, ते बुटकं स्टूल टोपलीपाशी नेऊन ठेवलं. म्हटलं, ‘बस गो जरा.’

सकाळी पिठात दोन पावलं होती. शेजारी शेजारी, सैल, टाचांसकट.

त्यानंतर मी पीठ घातलेलं नाही. काकी म्हणते, ‘स्टूल उचल, तिका जावंदे.’ मुलगीही फोनवर रडून तेच सांगते. दोघींचं बरोबर असेल. हे सगळं काय होतं, कुणाला माहीत असेल तर सांगा, मला नाही कळलेलं. रोज सकाळी स्टुलाला हात लावतो आणि परत येतो. ते उचलायचं तर आधी तिला ऊठ म्हणावं लागेल. आणि आत्ता कुठे ती बसलीय हो...