सैल झाकण

पेटीवाल्याने केलेल्या लाकडी पेटीच्या झाकणातून हवासुद्धा जात नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकलं की पेटीवाला दिवसभर फुगलेला असे. आता त्याच घट्ट झाकणापायी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

बायकोची बोटं आखडत आखडत मुठीसारखी वळली होती. दुखण्याची गोळी भर दुपारी लागे, तेव्हा तो कारखान्यात. बाटलीचं बूच तिला फिरत नसे. रविवारी तिची धाकटी बहीण येणार होती, तिला कायमची आपल्याकडे न्यायला. "एकटी गोळी घेऊ शकली तर राहू दे, भावजी. नाहीतर मी तिला इथे ठेवणार नाही," असं तिने बजावलं होतं.

म्हणून ही गोळ्यांची पेटी. पहिलीला सरकतं झाकण केलं. त्याने बोटाने ढकललं तर अलगद सरकलं, तिच्यापुढे ठेवली तर जागचं हलेना. दुसरीला बिजागऱ्या आणि पुढे गोल मूठ. ती मूठ तिच्या हातात मावेना.

"माझ्या हाताने तर उघडते गं! जरा जोर लाव की."

"तुमच्या हाताने भिंतही उघडेल."

शनिवारी त्याने शेजारच्या शिंप्याकडून आपल्या दोन्ही मुठी पट्ट्यांनी करकचून बांधून घेतल्या. "कुणाला बडवायला निघालास?" शिंप्याने विचारलं. तो परत येऊन पेट्यांपाशी बसला. एकही उघडेना. मनगटाने रेटलं, कोपराने ढकललं, शेवटी एक पेटी जमिनीवर आदळली. वर्षभर आपण या बाईला जोर लावायला सांगत होतो! त्याला रडू कोसळलं, आणि बांधलेल्या हातांनी डोळेही धड पुसता येईनात.

नवं झाकण त्याने मुद्दाम सैल केलं, खडखडणारं. मागच्या कडेवर मनगट टेकलं की ते उलटून उघडे. दुसऱ्या कुणी असलं काम केलं असतं, तर त्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

रविवारी बहीण पिशवी मांडीवर घेऊन बसली. बायकोने मनगट टेकलं. झाकण उघडलं. तो हसलासुद्धा! पण आतली गोळी काही तिच्या बोटांत येईना, नुसती कोपऱ्यात घरंगळत राहिली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. इतके दिवस त्याने फक्त झाकणाचा विचार केला होता.

बायको जरा थांबली. मग खाली वाकली, पेटीत तोंड घातलं आणि ओठांनी गोळी उचलली. पेल्यातल्या नळीने पाणी ओढलं. बहिणीने मान फिरवली. त्याला फिरवता येईना.

"बघितलंस? मी येत नाही," ती बहिणीला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "अहो, कड टोचते हो हनुवटीला."

तो पॉलिश पेपर शोधायला उठला. पेपर समोरच पडला होता, पण त्याला दिसेना.