फोडलेले चिंचोके

दारात गाडी हॉर्न वाजवत होती आणि माझा डाव अर्धा राहिला होता. बार्शीच्या घराच्या ओट्यावर खडूने पट आखलेला. एका बाजूला मी, समोर शेजारची शेवंता. माझ्या तीन सोंगट्या आत गेलेल्या, चौथीला फक्त एक हवा होता. भाचा ओरडत होता, "मावशी, विमान थांबणार नाही!"

शेवंता म्हणाली, "विमान थांबंल एक वेळ, पण हिला एक पडायचा न्हाई."

पडला नाहीच. तीन पडले, काही उपयोग नाही. मग तिने चिंचोके गोळा केले, लुगड्याच्या चिंधीत बांधले आणि माझ्या हातात कोंबले. "घेऊन जा. तिकडं मिळायचे न्हाईत. आणि तुला हरवणारं तर कुणीच मिळायचं न्हाई." ती रडली नाही, मीही नाही. आम्हा म्हाताऱ्यांना गाडीच्या दारात उभं राहून रडत बसायला वेळ कुठे होता? भाचा बोंबलत होता ना.

आता मी ऑकलंडला हेन्डरसनमध्ये मुलाकडे असते, कायमची. इथल्या मंडळाच्या अंकासाठी स्थलांतराच्या आठवणी लिहून द्या म्हणून एक मुलगी मागे लागली आहे. मी चौथी शिकलेली. चौथीनंतर वडील म्हणाले, "आकडे मोजता येतात ना, पुरे." तेव्हा मला आठवणी वगैरे जमणार नाहीत. वर्षभर मी जे केलं ते लिहिते. वर्षभर मी पटावरचे खेळ खेळले आणि वैतागले. इथल्यांनी वाचावं, आणि बार्शीला शेवंताची सून तिला वाचून दाखवेलच.

पहिला वैताग विमानतळावर. महेशने, म्हणजे माझ्या मुलाने, फोनवर बजावलं होतं, "आई, खाण्याचं जे काही असेल ते सांग, लपवू नकोस." मी सांगितलंही. लोणचं सांगितलं, मेतकूट सांगितलं. चिंचोके कशाला सांगू? ते काय खायचे आहेत? खेळायचे आहेत. यंत्रातून पिशवी गेली आणि एका हिंदी बोलणाऱ्या पोराने चिंधी सोडली.

"आंटी, ये बीज है. यहाँ नहीं ला सकते."

"अरे बाबा, फोडलेले आहेत ते. आधे है. आधे को झाड आता है क्या?"

त्याला हसू आलं, पण चिंचोके गेले डब्यात. मग दंड न लावता मोठ्या मनाने म्हणाला, "आपकी उमर देखके छोड़ रहा हूँ." तेव्हा मला बरं वाटलं. पण या देशात माझं वय बघून मला सोडण्याची ती नुसती सुरुवात होती.

घरात महेश, सून अनघा आणि नात ईरा, नऊ वर्षांची. दर शुक्रवारी संध्याकाळी यांची गेम नाईट. कपाट भरून खोकी आहेत. महेश आयटीत आहे. नवीन खोकं आणलं की तो नियमांचं पुस्तक पोथीसारखं वाचतो. एक अध्याय संपला की म्हणतो, "आई, एवढं समजलं का?" समजलं रे बाबा, सोंगट्या मांड.

एक खेळ बेटाचा आहे. बेटावर वस्ती करायची, विटा द्यायच्या, मेंढ्या घ्यायच्या. गाडी काढली की शहराबाहेर जिकडेतिकडे खऱ्या मेंढ्या चरतात. त्या सोडून हे तिघे दिवाणखान्यात पुठ्ठ्याच्या मेंढ्यांसाठी घासाघीस करतात. दुसरा त्याहून वाईट. त्यात जगभर रोगाची साथ पसरते आणि सगळ्यांनी मिळून ती थांबवायची. मी विचारलं, "यात हरवायचं कुणाला?"

"कुणालाच नाही आई, सगळे एकत्र जिंकतात."

"मग खेळायचं कशाला? देवाची आरती करू. तीही सगळे मिळून करतात."

बिचारी अनघा फार्मसीत दिवसभर सर्दी-खोकल्याची औषधं देऊन यायची आणि पुन्हा पटावर साथ आवरत बसायची. इंग्रजी अक्षरं जुळवायचा एक खेळ होता, त्यात मला पंच केलं. मी काय निकाल देणार? जो मोठ्याने ओरडेल त्याचा शब्द बरोबर.

पण आगगाडीचा खेळ मला आवडला, खरं सांगते. नकाशावर गावं, मध्ये रूळ, एका रंगाचे पत्ते जमवले की तेवढ्या डब्यांची गाडी घालायची. वाचायला काही नाही. रंग बघायचा आणि मोजायचं. दोन-तीन शुक्रवारी हरले आणि मग जिंकायला लागले. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. शनिवारी फोनवर शेवंताला सांगायची, "काल पुन्हा सगळ्यांना लोळवलं." ती म्हणायची, "इंजिनेराला बी?" मी म्हणायची, "इंजिनेराला बी."

असे बरेच महिने गेले. मग एका शुक्रवारी मी जिंकल्यावर पत्ते आवरत होते. ईराचे पत्ते हातात आले. लाल रंगाचे सहाच्या सहा. ज्या रुळावर मी शेवटची गाडी घातली तोच रूळ तिला केव्हाच घेता आला असता. मला वाटलं, पोरीच्या लक्षात आलं नसेल. म्हटलं, "ईरा, अगं, हे बघ, तू जिंकली असतीस."

ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "आय नो, आजी. डॅड सेड लेट आजी विन."

"का?"

"बिकॉज यू आर सॅड."

मी महेशकडे बघितलं. तो नियमांचं पुस्तक खोक्यात घालत होता. इतका वेळ लागतो होय एक पुस्तक आत घालायला?

"आई, तसं नाही गं. तुझं मन रमावं म्हणून…"

"कधीपासून?"

अनघा म्हणाली, "आई, सुरुवातीला तुम्ही जेवायच्यासुद्धा नाहीत नीट. जिंकलात की दोन घास जास्त जायचे. त्यात काय वाईट झालं?"

काय वाईट झालं! इतके महिने मी बार्शीला फुशारक्या मारल्या, आणि इथे तिघेजण एकमेकांना डोळे मारत होते. मी सॅड आहे हे ठरवलं कुणी? आणि असले सॅड, तर माझी मी असेन. माझा नवरा गेला तेव्हा दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि दुपारी शेवंता आली. ओट्यावर पट आखला, चिंचोके टाकले आणि मला सपशेल हरवलं. माझी सोंगटी दाराशी आली की मारायची, आली की मारायची. मी चिडले, तिला दोन शिव्या दिल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज चढला होता. तिनं मला सोडलं असतं तर मी तशीच बसून राहिले असते.

मुद्दाम जिंकू द्यायचं ते पाहुण्याला. पाहुण्याला गरम पोळी आधी, पाहुण्याला चांगली गादी, पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, कारण पाहुणा चार दिवसांनी जाणार असतो. मी कुठे जाणार आहे? बार्शीच्या घराची किल्ली भाच्याकडे देऊन आले आहे. तिथली राहिले नाही आणि इथे हे मला पाहुणी करून बसलेत. मग मी आहे कुठली?

तीन शुक्रवार मी खेळायला बसले नाही. महेश दाराशी येऊन विचारायचा, मी म्हणायची, "तुम्ही जिंका." मग वाटलं, रुसून बसणं हेही पाहुणीचंच काम. खेळायचं तर माझा खेळ खेळायचा, चल्लस-आठ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच घरं आडवी, पाच उभी. चार अर्धे चिंचोके टाकायचे. पांढऱ्या बाजू मोजायच्या. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही काळे पडले तर आठ. हे दोन्ही पडले की पुन्हा टाकायचं. सोंगटी बाहेरून फेरी मारते आणि मग नेमका हवा तेवढाच आकडा पडला की आत शिरते. पण एक अट आहे. समोरच्याची निदान एक सोंगटी मारायची, त्याला आम्ही तोड म्हणतो. तोड केल्याशिवाय आत प्रवेश नाही. नुसतं फिरत बसायचं बाहेर.

चिंचोके नव्हते. बीचवरून शिंपले आणले, इथे त्यांना पिपी म्हणतात. दिसायला छान, पण टाकले की दरवेळी चारही पालथे. आठ, आठ आणि आठ! असला आंधळा खेळ कोण खेळेल? पिस्त्याची टरफलं फरशीवर टाकली की लोळत सोफ्याखाली जायची. मग इंडियन दुकानातून बिनबियांच्या चिंचेचा गोळा आणला. बिनबियांचा असं छापलेलं असलं तरी एखादा चिंचोका राहतोच, स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. मला दोनच हवे होते, फोडले की चार होतात. पहिल्या गोळ्यात एक मिळाला. दुसऱ्यात एकही नाही. जन्मात पहिल्यांदा दुकानदाराने खरं छापलं, ते नेमकं तेव्हा. तिसऱ्या गोळ्यात मिळाला. आठवडाभर घरात चिंचेचं सार झालं. महेश म्हणाला, "आई, आज पुन्हा सार?" मी म्हटलं, "खा गुपचूप."

चिंचोके वाळवले, महेशच्या हातोडीने फोडले. ड्राइव्हवेवर ईराच्या रंगीत खडूने पट आखला, तर पाऊस आला. पुसला, पुन्हा आखला, पुन्हा पाऊस. इथल्या पावसाला धड पडताही येत नाही, धड थांबताही येत नाही. शेवटी गॅरेजमध्ये आखला. सोंगट्या म्हणून तिच्या फ्रॉकची जुनी बटणं घेतली, दोघींना दोन-दोन, डाव लवकर संपावा म्हणून. ईराला बजावलं, "तू मला सोडलंस तर मी उठून जाईन. आणि मी तुला सोडणार नाही."

"व्हॉटेव्हर, आजी."

पहिल्या दिवशी तिची सोंगटी पाचदा मारली. ती रडली, बटणं भिंतीवर फेकली, "दॅट्स सो मीन!" म्हणत आत गेली. अनघा बाहेर आली. "आई, लहान आहे ती. एकदा हरला असतात तर काय बिघडलं असतं?"

"हरले तर काही बिघडत नाही, अनघा. मुद्दाम हरले तर बिघडतं. माझी आई म्हणायची, हरायचं असेल तर बसून हर, उठून जाऊ नको. ही उठून गेली. उद्या येईल."

अनघाला ते पटलं नाही. त्या संध्याकाळी ती माझ्याशी मोजकंच बोलली, आणि मीही तिला समजावायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ईरा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी गॅरेजमध्ये जाऊन दोन्ही बाजूंनी एकटीच खेळायची. खरं सांगायचं तर मला भीती वाटू लागली होती. घरात एकच माणूस खेळण्यासारखं होतं, तेही मी घालवलं की काय? चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ईरा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आली, बटणं वेचली आणि बसली. हरली. पण उठली नाही. म्हणाली, "अगेन."

मग रोजच सुरू झालं. घरात काहीही विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी गॅरेजमध्ये "चल्लस!" म्हणून किंचाळायची. करणार काय, त्याला इंग्रजीत शब्दच नाही. माझ्यावर लक्ष ठेवायची. मी घर मोजताना चुकले तर, "आजी, चीटिंग! दोनच पडले!" मी मुद्दाम चुकत नव्हते, डोळ्यांना कमी दिसतं. पण तिने वय बघून सोडलं नाही, हे मी नीट बघितलं.

मागच्या शुक्रवारी महेश आणि अनघा खोकं घेऊन आमची वाट बघत होते आणि आमचा डाव संपत नव्हता. माझी एक सोंगटी आत गेलेली, दुसरी आत शिरायच्या तोंडाशी, एक पडला की सुटले. ईराच्या दोन्ही बाहेरच, तिची एकही तोड झालेली नव्हती. माझी पाळी आली, पडले तीन. खेळता येईना. तिने टाकले, चल्लस. पुन्हा टाकले, दोन. माझं बटण तिच्यापासून बरोबर सहा घरांवर, मी मनात मोजलं होतं, तिनेही मोजलं होतं. तिने एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. दारात उभा राहून महेश सवयीने म्हणाला, "ईरा, बी नाइस…"

"नो वे, डॅड," म्हणत तिने बटण सरकवलं आणि माझं बटण उडवलं. "तोड! आजी, तोड!"

पुढे तिने मला डोकं वर काढू दिलं नाही. हरले मी. चांगलीच हरले, आणि भयंकर राग आला. जेवताना रागाच्या भरात एक पोळी जास्तच गेली, ते अनघाने बघितलं.

तुम्ही बार्शीचे सगळे फोनवर विचारता, इंदू, रमलीस का तिकडं? आपलं घर आठवतं का? घर आठवतं, ओटा तर रोज आठवतो. ओट्यावर समोर बसलेली शेवंता जास्त आठवते, कारण तिनं मला कधी सोडलं नाही.

शनिवारी मी तिला फोन लावला. म्हटलं, "हरले काल."

ती खूश झाली. "आगं, तिकडं तुला कुणी हरवलं?"

"घरच्यांनी," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. गॅरेजमधून हाका सुरू झाल्या होत्या, आणि मला कालचं वसूल करायचं होतं.