साबणाची बाटली

आमच्या गल्लीतले मामा माणसांवर कधी चिडत नसत. चिडायचे ते पाण्यावर. मेटगळ्ळीच्या कारखान्यात बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले, मूळ घराणं रंगाऱ्यांचं. जड पाण्यात रंग बसत नाही, हे लहानपणीच पाहिलेलं. माझ्या कॉफीच्या दुकानात एस्प्रेसोचं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांनी यंत्र पाहिलं, मामांनी नळ पाहिला.

दर सोमवारी ते यायचे. खिशातून चपटी बाटली काढायची, फिल्टरमधून आलेलं पाणी घ्यायचं, साबणाचा कीस टाकून खळखळा हलवायचं. फेस टिकला तर ठीक. फेस बसून पांढरी साय आली, की पाण्याची कानउघाडणी सुरू. "दगड आहेस तू, दगड." मग क्षार धरणारा फिल्टरचा डबा स्वतः बदलायचे आणि त्यावर पेनाने तारीख घालायचे. मला म्हणायचे, "नोड रे, बघ, कॉफी म्हणून गिऱ्हाईक पाणीच पितं. ते तरी नीट दे."

पुढे यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार विकायला एक टायवाला आला. गिऱ्हाइकांसमोर त्या बाटलीला हसला. मीही हसलो. त्याची मला आजही चीड येते, माझी त्याहून जास्त. मामांना यंत्राजवळ येऊ द्यायचं नाही, असं मी काउंटरवरच्या शंकरण्णाला बजावलं. मामांनी बाटली खिशात घातली आणि गेले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत, आणि मीही त्यांना शोधलं नाही.

उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, म्हणून टाकीत बोअरवेलचं भरलं. डबा बदलला असं सांगून करारवाल्याने सही मागितली, ती मी न बघता ठोकली. दोन महिन्यांत यंत्र बंद पडलं. उघडलं तर बॉयलर आतून चुन्याने लिंपलेला, कॉइल जळालेली. आणि डबा जुनाच, त्यावर मामांच्या हातची तारीख.

तसाच मामांच्या घरी धावलो. मामींनी दार उघडलं. मामांना जाऊन आठ दिवस झाले होते.

"अय्यो, सोमवारी येतच होते की तुझ्याकडे," मामी म्हणाल्या. "दुकानामागे फिल्टरचा नळ आहे ना, त्याचं पाणी घेऊन बघायचे. शंकरण्णाला तीनदा सांगून आले, डबा बदला म्हणून. तू कामात आहेस म्हणाला."

शंकरण्णाला काय बोलणार? हुकूम माझाच होता. मामींनी कोनाड्यातली बाटली हातात दिली. आतल्या पाण्यावर पांढरी साय धरली होती.

"माझ्यावर फार चिडले असतील," मी म्हणालो.

"तुझ्यावर? नाही रे. पाण्यालाच शिव्या देत होते."

तेच मला आजवर सहन होत नाही.