नात वळली नाही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कराडला आमच्या शेजारी पत्र्याच्या पेट्या करणारा एक कारागीर आहे. कुणाचंही तान्हं मूल दिसलं की तो हातोडी ठेवतो, "बा... बा" म्हणतो आणि उत्तराची वाट बघतो. माझी नात आठ महिन्यांची असताना त्यानं तिच्या पाठीमागे मुद्दाम पत्रा आपटला.

"आवं मास्तर, पोरगी वळली न्हाई. कान दावा डाक्टरला."

"तू पेट्या ठोक," मी म्हणालो. घरात कुणाला सांगितलंही नाही. त्यात दोन वर्षं गेली.

आता तिच्या कानाला यंत्र आहे. चौथ्या वर्षी ती पहिल्यांदा "आई" म्हणाली, तेव्हा मी त्याला पेढे द्यायला गेलो.

"लय ब्येस! तिला आणा की, बोलायचं हाय."

त्यानं चहा मागवला. तो पिऊन मी माफी न मागताच उठलो.