हापशीचं पाणी आणि विहिरीची वाट

गोंडपिपरीच्या स्टँडवर आई बसच्या खिडकीचा गज धरून उभी होती. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला तिचा पोरगा, म्हणजे मी, हैदराबादला नोकरीला निघालो होतो. ती एवढंच म्हणाली, "तेजाबाजवळ तोंड नको नेजो, बापू." त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

पाणी तपासायच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात साहेबांनी माझे दात पाहून ओळखलं, की गावच्या पाण्यात फ्लोराइड असणार. ते तपकिरी पट्टे आमच्याकडे सगळ्यांनाच होते; मला तो दातांचा रंगच वाटे. त्यानंतर मी इतरांच्या गावांचे हजारो नमुने तपासले, आमचा एकही नाही. भीती वाटायची, दुसरं कारण नाही.

गेल्या दिवाळीत सात वर्षांची पुतणी हसली. नव्या दातांवर तेच पट्टे. मग हापशीचं आणि जंगलालगतच्या जुन्या विहिरीचं पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांत भरून आणलं. आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत तपासत राहायचं नाही, हे या कामात आधी शिकावं लागतं. हापशी लिटरमागे २.९ मिलिग्रॅम. पुन्हा २.८. मर्यादा दीडची. तरी मी तिसऱ्यांदा मोजायला इलेक्ट्रोड धुतला. विहीर ०.६.

धाकट्या भावाला रिपोर्ट पाठवून फोन केला, की विहिरीचं पाणी प्या.

तो म्हणाला, "दादा, तिकडं वाघीण फिरून राह्यली, पिल्लं घेऊन. तिले तुहा कागद दाखवू का?"

आधी काऊन नाई तपासलं, असं त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गावी आमच्या घरी फिल्टर बसवता येईल, पण हापशी साठ घरांची आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. तोवर सकाळी सातला, चांगलं उजाडल्यावर, दहा-बारा बायका डबे वाजवत विहिरीवर जातात. त्यांत भावजय असते. जाऊन यायला पाऊण तास. मी इकडे हैदराबादला बूट घालून, फोन हातात धरून दारात बसतो. तिचा "आलो" एवढा निरोप आला की कामावर निघतो. त्या वाटेवर त्यांना माझ्या आकड्यानं पाठवलंय.

इथे फ्लॅट आहे, पोरांच्या शाळा आहेत, रेशनकार्डही इथलंच. घर मात्र आता मला तो पाऊण तास वाटतो. काल निरोप बावन्न मिनिटांनी आला.