बिनमापाचा स्वेटर

आमच्या देऊळघाटात शाळेचे स्वेटर छायावहिनीच विणतात. पोरगं आठवीत आहे म्हटलं की टेप न काढता सुईवर टाके घालतात, वर वाढत्या अंगाचे चार जास्त. शेजारी राहून मी त्यांना उसवताना क्वचितच पाहिलं असेल. यंदा मात्र एकच स्वेटर त्या पुन्हा पुन्हा उसवत होत्या.

तो गोपालभाऊंचा, त्यांच्या नवऱ्याचा. कोबीचं पोतं एका दमात खांद्यावर टाकणारा माणूस पोटाच्या दुखण्यानं वाळत चालला होता. आता घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. जुने स्वेटर अंगावर लोंबायचे, आत वारं शिरायचं. नवा विणायचा तर माप हवं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माप आमच्याकडे घेत नाहीत; ते शेवटच्या कपड्याचं समजतात. मला असले शकुन-अपशकुन मुळीच पटत नाहीत, पण वहिनींना तसं सांगायचा धीर माझ्यात नव्हता.

मग त्यांनी अंगाप्रमाणे ताणेल आणि आवळेल अशी वीण शोधायला घेतली. साबुदाण्याची वीण उबदार झाली, पण ताणली की तशीच राहायची. दोन सुलट, दोन उलट घातले तर अंगाला बसली, पण पातळ. शेवटी दोन्ही एकत्र केल्या: उभ्या पट्ट्या आणि मधल्या खळग्यांत दाणे. ओढलं की रुंद, सोडलं की पुन्हा होतं तेवढं. मी म्हटलं, वहिनी, हा तर म्हशीलाही बसेल. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या, आणि मला फार बरं वाटलं.

संक्रांतीला स्वेटर अंगाबरोबर बसला. शिवरात्रीपर्यंत तोही ढगळ झाला. वीण आवळायची तेवढी आवळून झाली होती.

वहिनी पुन्हा अंदाजानं टाके घालू लागल्या, उसवू लागल्या. भाऊ पडल्या पडल्या बघत होते. मग त्यांनीच उशाजवळच्या डब्यातून टेप काढून पुढे केला.

"घे माप. कायले भेतं? माप नाही घेतलं म्हणून काय थांबून राह्यलं?"

वहिनींनी टेप छातीभोवती धरला, मी पाठीमागून सरळ केला. आकडा आम्ही दोघींनी पाहिला. आठवीतल्या पोराचं माप.

"किती भरलं?" भाऊंनी विचारलं.

"होतं तेवढंच," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी टाके घातले. सवयीनं वाढत्या अंगाचे चारही घातले. मग थांबल्या, आणि ते चार सुईवरून काढून टाकले.