काट्यांची वर्गणी

आमच्या सेनगाव तालुक्यात माणूस काटे काढायला मजुरी देतो. काटे वाढवायला कुणी पैसे मोजतो म्हटलं, तर लोक त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजतील. माझ्या सासूबाईंनी मात्र अंगणात तेलाच्या डब्यांत निवडुंग लावले होते आणि लेकरांसारखा त्यांना जीव लावला होता. सासरे, म्हणजे आमचे मामा, येता-जाता टोचायचे, "ऐकलं का, बाभळी कमी पडल्या व्हत्या काय?" बायकोला ते 'ऐकलं का' एवढीच हाक मारत. नाव घ्यायची त्यांच्या पिढीत पद्धत नव्हती.

मी एकदा सासूबाईंना मोबाइलवर निवडुंग पाळणाऱ्यांची साइट दाखवली आणि स्वतःच्या मागे काम लावून घेतलं. रोज भांडी झाली की त्या सांगणार आणि मी टाइप करणार. "लिव, बुटक्याला पाणी जास्ती झालं, रुसून बसलाय." कुठून कुठून उत्तरं यायची. साताऱ्याचे एक डॉक्टर तर आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, विचारल्याशिवाय कुंडी बदलत नसत. मग आत्याबाई गेल्या, साध्या तापाचं निमित्त होऊन. डब्यांना पाणी मामा घालू लागले, तेही शिव्या देत. आणि दुपारी जेवण झालं की म्हणायचे, "सूनबाई, तिचं ते वाच." मी जुनं लिहिलेलं वाचायची. ते मधेच अडवायचे, "खोटं बोलून राहिली. त्या दिवशी पाणी म्या घातलं व्हतं."

अशात साइटवर सूचना आली. खर्च परवडत नाही, पुरेसे वार्षिक सभासद झाले नाहीत तर साइट बंद करावी लागेल. मी वाचून दाखवलं.

"मंग तिचं लिवलेलं?"

"जाईल, मामा. पण मी उतरवून ठेवते ना."

"उतरवून काय करू? तिथं लोक तिला उत्तरं देतेत. तुह्या वहीत कोण देईल?"

संध्याकाळी मामांनी सप्त्याची उरलेली पावतीपुस्तकं काढली. वर छापलेल्या 'हरिनाम सप्ताह'वर काट मारली, खाली 'निवडुंग' लिहिलं आणि गावात निघाले. आमच्या गावात वर्गणी कशाची, हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "पंगत हाय का?" मामा प्रत्येक दारात बेधडक "हाय" म्हणाले. ते रोख घेऊन यायचे आणि मी एकेकाला मोबाइलवरून सभासद करायची. साइट बंद व्हायची वाचली. मामा त्या दिवशी बुटक्याला म्हणाले, "सुटलास, वाचलास."

पण फुकटच्या गोष्टीवरही गाव हक्क सांगतं, ही तर रोकडी वर्गणी होती. सभासद झालेल्याला साइटवर बोलता येतं, हे कळल्यावर सगळे बोलू लागले. कुणी म्हशीचा फोटो टाकून 'शुभ सकाळ' लिहिलं. डॉक्टरांच्या दुर्मिळ निवडुंगाखाली एकाने विचारलं, "छान हाय. बाजारात काय भाव?" दुसऱ्याने त्याखाली, "याला कोणतं तणनाशक चालंल?" मी तर पदर तोंडात कोंबून हसत होते.

साइट चालवणाऱ्या बाईंचा मात्र भलताच समज झाला. एकाच खेड्यातून एवढे सभासद! त्यांनी कळवलं, तुमचं निवडुंगांचं गाव बघायला मी येते. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "आपल्या घराबिगर निवडुंग हाय कोणाकडं? बाई माघारी जाऊन साइटच बंद करंल." पारावर बातमी गेली. डब्यांचं दुकान असलेले चाचा उठले, "वर्गणी दिये, तो इज्जत भी अपनीच है. डब्बे मैं देता." मग काय, अख्खं गाव कोयते घेऊन बांधावर. ज्या निवडुंगांना वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, ते बैलगाडीतून मिरवत घरी आले. दारोदारी डबे लागले. कुणी निवडुंगाचं फडं उलटं रोवलं. एकाने निवडुंगच नसलेली घायपात लावून "ह्यो मोठ्या जातीचा" असं सांगायची तयारी ठेवली. बोटांतले काटे काढायला सुया पुरेनात.

बाई आल्या. दारोदार फिरल्या. उलट्या फडाजवळ थांबल्या, घायपातीकडे पाहिलं, मातीही अजून ओली होती. त्यांना सगळं कळलं असणार, मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मामा हात जोडल्यासारखे करून मागून चालत होते. आमच्या अंगणात आल्यावर मात्र बाई एका गंजक्या डब्यापुढे खाली बसल्या. "हा बुटका ना?"

"व्हय," मामा म्हणाले. "आता रुसत न्हाई."

"काकूंनी लिहिलेलं कुठं जाणार नाही," बाई म्हणाल्या. बस, एवढंच. उलट्या फडाबद्दल त्यांनी शेवटपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

दुपारी पारासमोर पंगत बसली. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रिवाजाप्रमाणे वाढण्याआधी माइकवरून वर्गणीदारांची नावं पुकारली जातात. पुकारणाऱ्याने घसा खाकरला आणि मामांचंच नाव पहिलं घेतलं.

"थांब," मामा उठले. "माही न्हाई ती वर्गणी." त्यांनी माइक हातात घेतला. तो शिट्टी मारू लागला, तो नीट होईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी आत्याबाईंचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट. माझ्या लग्नापासून त्यांच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते आता कर्ण्यातून शिवारभर ऐकू गेलं. पंगतीतल्या म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. मला रडू आवरेना.

मामांनी माइक परत दिला आणि आपल्या पत्रावळीपाशी येऊन बसले.

"वाढा आता," ते म्हणाले, "लोकं उपाशी हायेत."